बरोबर वाक्यांनी पोसलेली चूक

या प्रकरणातल्या बाई एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करतात. शाळा मराठी माध्यमाची, पुढचं तांत्रिक शिक्षण इंग्रजीत. इंग्रजीचा शब्दसाठा चांगला, काळ बहुतेक जागच्या जागी, स्पेलिंगची चूक शोधूनही सापडायची नाही. तरीही त्यांचा मेल वाचून वरिष्ठ म्हणायचे, ‘मुद्दा कळतो हो, पण वाचताना ठेच लागते.’ नेमकी कुठे, हे त्यांना सांगता यायचं नाही. ते वाक्य दुरुस्त करून परत पाठवायचे, बाई ती दुरुस्ती वाचायच्या, त्यांना ती पटायचीही, आणि पुढच्या मेलमध्ये पुन्हा तेच.

मी नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना कामापुरतं इंग्रजी शिकवतो. अशी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ असतात. हे प्रकरण लिहून काढावंसं वाटलं ते यातल्या चुका, क्रियाविशेषणाच्या (क्रिया कधी, कशी, कितीदा हे सांगणाऱ्या शब्दाच्या) जागेच्या, फार शिस्तीत होत होत्या म्हणून. त्यांच्यामागे नियम होता, आणि तो शोधून काढता आला.

त्यांनी दाखवलेला एक मेल जसाच्या तसा देतो. इंग्रजी वाक्यं देवनागरीतच लिहितोय, म्हणजे वाचताना ती कानावर पडतील. या विषयात कानाचं काम जास्त आहे.

‘डिअर सर, आय यस्टरडे चेक्ड द सेकंड बॅच. आय केअरफुली मेझर्ड ऑल द पीसेस. आय फाउंड इन इट थ्री डिफेक्टिव्ह पीसेस. द सप्लायर ऑल्वेज इज सेंडिंग लेट द रिपोर्ट. आय क्लिअरली टोल्ड हिम द रीझन. ही स्टिल हॅज नॉट रिप्लाइड. प्लीज चेक वन्स द फाइल अँड सेंड बॅक इट.’

सात वाक्यं. त्यांतली तीन रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहेत: दुसरं, पाचवं आणि सहावं. बाकीच्या चारांत क्रियापद बरोबर, क्रियाविशेषण बरोबर, फक्त क्रियाविशेषण चुकीच्या खुर्चीत बसलंय. ‘केअरफुली’ क्रियापदाच्या आधी चाललं, मग ‘यस्टरडे’ त्याच जागी का चालत नाही? हा बाईंचा पहिला प्रश्न होता आणि तो अगदी रास्त होता.

तक्ता होता, उपयोग नव्हता

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकांत क्रियाविशेषणाच्या तीन जागा सांगितलेल्या असतात: वाक्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी. मग कोणता प्रकार कुठे चालतो याचा तक्ता. वारंवारता दाखवणारे शब्द मध्ये, रीत दाखवणारे शेवटी, वेळ दाखवणारे सुरुवातीला नाहीतर शेवटी. हा तक्ता बाईंकडे होता. कामाच्या टेबलासमोर चिकटवलेला होता. तक्त्यात चूक काहीच नाही, पण मेल लिहिताना कुणी तक्त्यातून वाक्य बनवत नाही. वाक्य सवयीतून येतं, आणि बाईंच्या सवयीबद्दल तक्त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

म्हणून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. त्यांनी पाठवलेल्या जुन्या मेलमधून क्रियाविशेषण असलेली सगळी वाक्यं काढली, चुकलेलीही आणि बरोबर आलेलीही. दुरुस्त्यांची लाल शाई बाजूला ठेवली आणि वाक्यांची वाटणी केली ती त्यांतल्या क्रियाविशेषणावरून. ‘ऑल्वेज’ची सगळी वाक्यं एकीकडे, ‘टुमॉरो’ची दुसरीकडे, ‘प्रॉपर्ली’ची तिसरीकडे. शिक्षक सहसा चुकाच गोळा करतात. बरोबर आलेली वाक्यं कुणी बघत नाही, आणि घोडं नेमकं तिथेच पेंड खातं.

वाटणी झाल्यावर चित्र स्वच्छ दिसलं. ‘ऑल्वेज’, ‘नेव्हर’, ‘युज्वली’, ‘रीसेंटली’, ‘ऑल्रेडी’, ‘प्रॉबेबली’ हे शब्द साध्या क्रियापदाच्या आधी येत होते आणि दर वेळी बरोबर ठरत होते: ‘वी युज्वली टेस्ट टेन पीसेस’, ‘आय रीसेंटली मेट द सप्लायर’. ‘यस्टरडे’, ‘टुमॉरो’, ‘लास्ट वीक’, ‘ॲट फाइव्ह’ हेही त्याच जागी येत होते आणि दर वेळी चूक ठरत होते. ‘लेट’, ‘वेल’, ‘प्रॉपर्ली’, ‘वन्स’ ही तिसरी टोळी मात्र क्रियापद आणि कर्म यांच्या मधोमध घुसत होती: ‘सेंडिंग लेट द रिपोर्ट’, ‘चेक वन्स द फाइल’, ‘ही डझ प्रॉपर्ली द वर्क’.

म्हणजे बाईंकडे नियम होते, आणि एक नाही, दोन होते.

पहिला नियम मराठीचा

पहिला नियम उघड आहे: क्रियाविशेषण क्रियापदाच्या आधी. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे झाडून सगळं त्याच्या आधीच येणार. ‘मी काल बॅच तपासली’, ‘मी नेहमी बॅच तपासते’, ‘मी नीट बॅच तपासली’. काल, नेहमी, नीट या तिघांची जागा मराठीत एकच. बाईंनी तीच सवय इंग्रजीत नेली, आणि इंग्रजीने त्यांना निम्म्या वेळा शाबासकी दिली. ‘आय ऑल्वेज चेक’ बरोबर, ‘आय रीसेंटली चेक्ड’ बरोबर, ‘आय केअरफुली चेक्ड’ही बरोबर. इतक्या वेळा बरोबर येणारी सवय कोण कशाला सोडेल?

इथे मराठीची आणखी एक खोड लक्षात घ्यायला हवी. ‘मी काल रिपोर्ट पाठवला’ हे सरळ सांगणं आहे. ‘मी रिपोर्ट काल पाठवला’ म्हटलं की जोर ‘काल’वर येतो, आज नाही, काल. मराठीत क्रियापदाला चिकटून डावीकडची जागा ही जोराची जागा आहे. इंग्रजीत ती जागा वाक्याच्या शेवटी आहे. नवी, महत्त्वाची माहिती शेवटी येते आणि आवाजाचा भारही साधारणपणे तिथेच पडतो. ‘आय सेंट द रिपोर्ट यस्टरडे’ हे बाईंच्या कानाला उगाच ‘काल’ शेपटासारखं लोंबतंय असं वाटायचं. मराठीत क्रियापद झालं की वाक्य संपतं. त्यानंतर आलेला शब्द म्हणजे बोलून झाल्यावर आठवलेली गोष्ट. ‘पाठवला मी रिपोर्ट, काल.’ त्यामुळे शेवटची जागा त्यांना ढिली वाटत होती. इंग्रजी वाचकाला मात्र तीच पक्की वाटते.

दुसरा नियम दुरुस्त्यांमधून आलेला

तिसऱ्या टोळीचं कोडं मात्र मराठीने सुटत नाही. मराठीभाषक माणूस ‘सेंडिंग लेट द रिपोर्ट’ कुठून आणेल? फ्रेंच बोलणारा आणेल, कारण फ्रेंचमध्ये ‘मी पितो वारंवार कॉफी’ अशीच रचना असते. जर्मनमध्येही मुख्य वाक्यात तशीच. मराठीत क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण येतं (‘रिपोर्ट उशिरा पाठवतो’), पण क्रम उलटा असतो.

खुलासा वरिष्ठांच्या दुरुस्त्यांत सापडला. सुरुवातीला बाई ‘ही फास्ट वर्क्स’, ‘द मशीन प्रॉपर्ली रन्स’ असं लिहायच्या. वरिष्ठांनी ‘ही वर्क्स फास्ट’, ‘द मशीन रन्स प्रॉपर्ली’ केलं. त्यावरून बाईंनी निष्कर्ष काढला की असे शब्द क्रियापदाच्या लगेच नंतर येतात. निष्कर्ष तर्काला धरून होता. या वाक्यांत कर्मच नाही, त्यामुळे ‘क्रियापदाच्या लगेच नंतर’ आणि ‘वाक्याच्या शेवटी’ या दोन्ही जागा एकच दिसतात. कर्म आलं की दोन्ही वेगळ्या होतात आणि नियम तोंडघशी पडतो: ‘ही डझ प्रॉपर्ली द वर्क’. अकर्मक वाक्यांच्या दुरुस्तीने सकर्मक वाक्यांतली चूक जन्माला घातली. वरिष्ठांचा यात काही दोष नाही; त्यांनी प्रत्येक वाक्य बरोबरच केलं होतं.

एवढं कळल्यावर काम सोपं झालं असं नाही, पण कुठे हात घालायचा ते कळलं.

क्रियापद आणि कर्म यांची गाठ

पहिली गोष्ट घेतली ती इंग्रजीतल्या सगळ्यात कडक नियमाची: क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण घालायचं नाही. ‘चेक द फाइल’ हा एक श्वास. त्यानंतर काय ते ‘वन्स’, ‘केअरफुली’, ‘टुमॉरो’. मी बाईंना दुरुस्त्या करायला लावल्या नाहीत. फक्त मेल पाठवण्याआधी क्रियापदापासून कर्मापर्यंतचा तुकडा न थांबता मोठ्याने वाचायचा. ‘सेंडिंग–लेट–द–रिपोर्ट’ म्हणताना जीभ आपोआप अडखळते. वरिष्ठांना लागणारी ठेच ती हीच.

या नियमाला पळवाट आहे. कर्म लांबलचक असेल तर क्रियाविशेषण मध्ये चालतं: ‘शी एक्स्प्लेन्ड केअरफुली व्हाय द सेकंड बॅच हॅड फेल्ड’. कर्म जड झालं की इंग्रजी ते शेवटी ढकलते. ही पळवाट बाईंना मी बऱ्याच उशिरा सांगितली. आधी सांगितली असती तर त्यांचं प्रत्येक कर्म जड झालं असतं.

या एका मुद्द्यावर भाषा शिकण्याच्या अभ्यासात बरंच काम झालेलं आहे. भाषाशास्त्रज्ञ लिडिया व्हाइट यांनी 1991 साली कॅनडातल्या क्वेबेकमधल्या फ्रेंचभाषक शाळकरी मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला इंग्रजी क्रियाविशेषणांच्या जागा मुद्दाम शिकवल्या, दुसऱ्या गटाला प्रश्नरचना शिकवली. दुसऱ्या गटाला वर्गात इंग्रजी भरपूर ऐकायला मिळत होतं, तरीही क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये क्रियाविशेषण चालत नाही हे त्यांना आपणहून उमगलं नाही. कसं उमगणार? जे चालत नाही ते कुणी बोलत नाही, आणि कुणी बोलत नाही म्हणून ते चूक आहे असं कान सांगत नाही. मुद्दाम शिकवलेल्या गटाने मात्र चांगली प्रगती केली. वर्षभराने पुन्हा तपासलं तेव्हा ती प्रगती टिकलेली नव्हती. शेवटचं वाक्य मी बाईंना सांगितलं नाही. स्वतःसाठी लक्षात ठेवलं.

‘नॉट’ जिथे, ‘ऑल्वेज’ तिथे

‘द सप्लायर ऑल्वेज इज’ हे कोडं वेगळं. ‘ऑल्वेज’ क्रियापदाच्या आधी येतं, हा नियम बाईंनी इमानेइतबारे पाळला होता. ‘इज’ हे क्रियापद आहे, त्याच्या आधी ‘ऑल्वेज’ ठेवलं. मग ‘ही ऑल्वेज कम्स लेट’ बरोबर आणि ‘ही ऑल्वेज इज लेट’ खटकणारं, हे कसं?

पुस्तकं सांगतात: साध्या क्रियापदाच्या आधी, ‘टू बी’च्या नंतर, सहायक क्रियापदं अनेक असतील तर पहिल्याच्या नंतर. तीन नियम, तिन्ही पाठ करायचे. मला त्यापेक्षा एक प्रश्न जास्त उपयोगी वाटतो: याच वाक्यात ‘नॉट’ कुठे बसलं असतं? ‘ही इज नॉट लेट’, म्हणून ‘ही इज ऑल्वेज लेट’. ‘ही हॅज नॉट बीन लेट’, म्हणून ‘ही हॅज ऑल्वेज बीन लेट’. ‘ही विल नॉट फिनिश’, म्हणून ‘ही विल प्रॉबेबली फिनिश’. ‘ही कम्स’चा नकार करताना ‘डझ’ आणावं लागतं: ‘ही डझ नॉट कम’. ‘डझ’ काढून टाकलं की ‘नॉट’ची रिकामी जागा ‘कम’च्या आधी उरते, ‘ऑल्वेज’ तिथे बसतं. ‘नॉट’ची जागा बाईंची कधीच चुकत नव्हती. चुकणाऱ्या गोष्टीला न चुकणाऱ्या गोष्टीशी बांधून टाकलं, एवढंच.

हे जुळणं योगायोगाचं नाही, आणि त्यामागची हकिगत मला मनापासून आवडते. पूर्वीच्या इंग्रजीत साधं क्रियापदही ‘नॉट’च्या आधी जाऊन बसायचं. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये, म्हणजे बायबलच्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरात, भावाबद्दल विचारल्यावर आदमचा मुलगा केन उत्तर देतो ते ‘आय नो नॉट’. आज तेच ‘आय डू नॉट नो’ होईल. साधारण सोळाव्या-सतराव्या शतकांत साध्या क्रियापदांची ही उडी मारायची सवय हळूहळू गेली आणि नकारासाठी ‘डू’ला कामाला लावलं गेलं. ‘टू बी’ आणि सहायक क्रियापदांनी मात्र जुनी सवय सोडली नाही. म्हणून आजही ‘इज’ उडी मारून ‘नॉट’ आणि ‘ऑल्वेज’ या दोघांच्याही आधी जातं, ‘कम्स’ जागेवर राहतं. ‘ऑल्वेज’ कुठे हललंच नाही, त्याच्या शेजारची क्रियापदं हलली. इंजिनिअर असलेल्या बाईंना हे स्पष्टीकरण तीन नियमांपेक्षा ताबडतोब पटलं. त्यांच्या शब्दांत, ‘म्हणजे हा अपवाद नाही, जुनी डिझाइन शिल्लक राहिली आहे.’

युक्तीला मर्यादा आहेत. ‘स्टिल’ नकाराच्या आधी येतं, त्यांचं ‘ही स्टिल हॅज नॉट रिप्लाइड’ म्हणूनच बरोबर होतं. ‘प्रॉबेबली’चंही तसंच: ‘ही प्रॉबेबली वोन्ट कम’. ‘यट’ शेवटी जाणं पसंत करतं. ‘रिअली’ दोन्हीकडे बसतं आणि अर्थ बदलतो: ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे फारसं आवडत नाही, ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ म्हणजे मुळीच आवडत नाही. यांपैकी ‘स्टिल’ आणि ‘यट’ एवढे दोन त्यांच्या कामात रोज लागणारे होते. तेवढेच घेतले.

दिवस, तारीख, वाजले किती

‘आय रीसेंटली चेक्ड’ चालतं आणि ‘आय यस्टरडे चेक्ड’ चालत नाही, कारण इंग्रजी वेळेचे दोन प्रकार मानते. कॅलेंडरवर किंवा घड्याळात बोट ठेवून दाखवता येणारी वेळ (काल, सोमवारी, पाच वाजता, गेल्या महिन्यात) वाक्याच्या कडेला जाते. बोट ठेवता न येणारी वेळ (नुकतंच, आधीच, लवकरच, कधीच नाही) मध्ये बसते. हा भाग बाईंना पटकन जमला. यात समजून घेण्यासारखं फार नाही, फक्त सवय लावायची.

एक अडचण त्यांनीच आणली. वर्तमानपत्रात त्या रोज वाचतात: ‘द मिनिस्टर ऑन मंडे अनाउन्स्ड’. मग तिथे सोमवार मध्ये कसा? ही बातमीदारीची खास शैली आहे. बातमीत घोषणा काय झाली ते महत्त्वाचं, तिच्यासाठी शेवटची जागा मोकळी ठेवायची आणि दिवस कुठेतरी मध्ये उरकून घ्यायचा. अमेरिकी बातम्यांत तर ‘ऑन’ही गाळलेलं दिसतं. बोलताना किंवा सहकाऱ्याला लिहिताना असं कुणी म्हणत नाही. वर्तमानपत्र वाचून इंग्रजी सुधारा हा सल्ला वाईट नाही, पण शब्दांच्या क्रमासाठी ते नमुना म्हणून घेऊ नये असं माझं मत आहे.

शेवटी दोन-तीन गोष्टी एकत्र आल्या तर आधी रीत, मग जागा, मग वेळ: ‘द मशीन रॅन स्मूदली इन द न्यू शेड लास्ट वीक’. मराठीत आपण साधारण उलट्या दिशेने जातो: ‘गेल्या आठवड्यात नव्या शेडमध्ये मशीन व्यवस्थित चाललं’. जाण्या-येण्याच्या क्रियापदांत मात्र जागा पुढे सरकते: ‘शी वेंट होम क्वाएटली’.

‘सेंड बॅक इट’

‘बॅक’, ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ हे छोटे शब्दही क्रियाविशेषणंच आहेत, आणि रोजच्या इंग्रजीत क्रियापद-क्रियाविशेषणाची सगळ्यात मोठी फौज यांचीच. क्रियापद आणि कर्म यांच्या गाठीचा नियम मात्र यांना लागत नाही: ‘टर्न ऑफ द लाइट’ म्हणा की ‘टर्न द लाइट ऑफ’ म्हणा, दोन्ही चालतं. पण कर्म सर्वनाम असेल तर एकच वाट: ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ होत नाही, तसंच ‘सेंड बॅक इट’ही नाही. कारण पुन्हा भाराचं आहे. ‘इट’ आधीच माहीत असलेल्या गोष्टीसाठी येतं, ते हलकं. शेवटची भाराची जागा त्याला झेपत नाही.

दिसायला असंच पण वेगळं: ‘लुक आफ्टर हिम’, ‘वेट फॉर इट’. इथे छोटा शब्द नामाला बांधलेला आहे, सुटत नाही. ‘लुक हिम आफ्टर’ म्हणता येत नाही. दोन्हींतला फरक ओळखायचा कसा? आवाजाने. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना जोर ‘ऑफ’वर येतो. ‘वेट फॉर इट’ म्हणताना जोर ‘वेट’वर, आणि ‘फॉर’ गिळलं जातं. गंमत म्हणजे बोलताना बाई ‘टर्न इट ऑफ’ अगदी सहज आणि बरोबर म्हणायच्या, कारण ते कारखान्यात रोज कानावर पडत होतं. लिहायला बसल्या की तेच ‘टर्न ऑफ इट’ व्हायचं. या एका बाबतीत त्यांना सांगितलं की लिहिताना विचार करू नका, आधी बोलून बघा.

बरोबर असूनही बदललेलं वाक्य

मेलमधलं पाचवं वाक्य, ‘आय क्लिअरली टोल्ड हिम द रीझन’. रचना निर्दोष. तरीही ते आम्ही बदललं.

‘केअरफुली’ क्रियापदाच्या आधी ठेवा की शेवटी, काळजीपूर्वकच राहतं. ‘क्लिअरली’चं तसं नाही. शेवटी ठेवलं, ‘आय टोल्ड हिम द रीझन क्लिअरली’, तर अर्थ स्पष्ट शब्दांत सांगितलं. मध्ये आणलं की ते बोलणाऱ्याचं मत होऊ शकतं: मी सांगितलंच होतं, यात शंकेला जागा नाही. त्यात किंचित कुरकुर ऐकू येते, आणि हा मेल पुढे सप्लायरकडे जाणार होता. ‘फूलिशली’ असंच: ‘ही फूलिशली आन्सर्ड द क्वेश्चन’ म्हणजे उत्तर दिलं हाच मूर्खपणा, ‘ही आन्सर्ड द क्वेश्चन फूलिशली’ म्हणजे उत्तर मूर्खासारखं दिलं. बाईंना ही गोष्ट सगळ्यांत आवडली. तोवर जागा म्हणजे बरोबर की चूक एवढंच होतं. इथे जागेने अर्थ ठरत होता.

याचं टोकाचं उदाहरण त्यांच्याच वार्षिक स्वमूल्यमापनाच्या मसुद्यात निघालं. वर्गात विनोद म्हणून सांगतात ते वाक्य मी पहिल्यांदा खरोखर लिहिलेलं पाहिलं: ‘आय हार्डली वर्क्ड ऑन धिस प्रोजेक्ट’. ‘हार्ड’ क्रियापदाच्या आधी आणायचं, मग त्याला ‘ली’ हवं, असा तो हिशोब. अर्थ झाला, या प्रकल्पावर मी जवळजवळ कामच केलं नाही. ‘हार्ड’, ‘फास्ट’, ‘वेल’ हे शब्द कर्तरी वाक्यात मध्ये येतच नाहीत, शेवटीच जातात. कर्मणीत ‘वेल’ मध्ये येतं: ‘द रिपोर्ट वॉज वेल रिटन’. मसुदा वेळेवर हाती आला, हे बरं झालं.

नंतर काय झालं

तो मेल बाईंनी स्वतः पुन्हा लिहिला: ‘आय चेक्ड द सेकंड बॅच यस्टरडे. आय केअरफुली मेझर्ड ऑल द पीसेस अँड फाउंड थ्री डिफेक्टिव्ह वन्स. द सप्लायर इज ऑल्वेज सेंडिंग द रिपोर्ट लेट. आय एक्स्प्लेन्ड द रीझन टू हिम क्लिअरली, बट ही स्टिल हॅज नॉट रिप्लाइड. प्लीज चेक द फाइल वन्स अँड सेंड इट बॅक.’ ‘इज ऑल्वेज सेंडिंग’मध्ये तक्रारीचा सूर आहे, नुसती सवय सांगायची तर ‘ऑल्वेज सेंड्स’ पुरे. तो सूर त्यांना हवाच होता, म्हणून ठेवला. ‘टोल्ड’ऐवजी ‘एक्स्प्लेन्ड’ त्यांचंच.

लिहिण्यातल्या तिसऱ्या टोळीच्या चुका सगळ्यात आधी गेल्या. त्या दुसऱ्या नियमाच्या होत्या, आणि तो नियम अलीकडचा, दुरुस्त्यांतून उगवलेला. त्याची मुळं उथळ होती. मराठीतून आलेला पहिला नियम चिवट निघाला. मेलमध्ये ‘यस्टरडे’ कडेला गेलं, फोनवर घाई झाली की ‘आय टुमॉरो विल सेंड’ अजूनही निघतं. मला त्याची फार चिंता वाटत नाही. बोलण्यातली वाक्यं कुणी परत वाचत नाही, आणि ऐकणाऱ्याला उद्याच पाठवणार एवढं कळतं.

क्वेबेकच्या मुलांची गोष्ट मनात होती, म्हणून शिकवणी संपवून मोकळं होण्याऐवजी एक व्यवस्था ठेवली. पाठवलेल्या मेलपैकी मधूनमधून एखादा त्या स्वतःच पहिल्यासारखा फोडून बघतात, बरोबर आलेल्या वाक्यांसकट. बरोबर वाक्यही का बरोबर आलं ते स्वतःला सांगायचं, ही त्यातली अट आहे. ‘सवयीने आलं’ हे उत्तर चालत नाही.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. मराठीत ‘च’ ज्या शब्दावर जोर आहे त्यालाच चिकटतो: ‘दुसरीच बॅच तपासली’, ‘दुसरी बॅच तपासलीच’. इंग्रजी ‘ओन्ली’ बोलताना सरळ क्रियापदाच्या आधी जाऊन बसतं, ‘आय ओन्ली चेक्ड द सेकंड बॅच’, आणि नेमकं कशापुरतं ते आवाज ठरवतो. कागदावर आवाज नसतो. हे वाक्य वाचून वरिष्ठांनी विचारलं, फक्त तपासली, नोंद नाही केली का? त्यावर उपाय म्हणून बाई ‘आय चेक्ड द सेकंड बॅच ओन्ली’ लिहू लागल्या, आणि लगोलग ‘आय विल सेंड इट टुडे ओन्ली’ही आलं, ‘आजच पाठवते’च्या थाटात. पहिलं वाक्य इंग्रजीत चालतं. दुसऱ्याचा अर्थ इंग्रजी वाचक फक्त आजच्या दिवसापुरतं असा घेईल. सध्या तोडगा असा निघालाय: लिहिताना ‘ओन्ली’ ज्या शब्दापुरतं आहे त्याच्या लगेच आधी, ‘आय चेक्ड ओन्ली द सेकंड बॅच’, आणि ‘आजच’साठी ‘ओन्ली’ वापरायचंच नाही, ‘बाय द एंड ऑफ द डे’ म्हणायचं. ‘ईव्हन’ आणि ‘ऑल्सो’ यांच्याकडे अजून वळायचं आहे.